अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा संशय

"थोडे दिवस पियानो वाजव," मास्तर म्हणाले, आणि निरीक्षकाने हातातला ट्रंपेट छातीशी धरला.

निरीक्षक म्हणजे वजनमापं तपासणारा सरकारी माणूस. दिवसभर दुकानांतले तराजू तपासायचे आणि शनिवारी मास्तरांच्या जाझ बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, हा त्याचा नऊ वर्षांचा शिरस्ता. नोकरीमुळे म्हणा, स्वभावामुळे म्हणा, समोरचा माणूस सरळ बोलतोय असं त्याला सहसा वाटत नसे. पुढच्या महिन्यात बँडचा कार्यक्रम होता, त्यात ट्रंपेटचा मोठा, आयत्या वेळी सुचेल तसा वाजवायचा सोलो होता, आणि त्या सोलोत त्याचा जीव अडकलेला होता.

"पण मी ट्रंपेटवाला," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. ट्रंपेटमधून एका वेळी एकच सूर निघतो. मागे पियानोवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, बदलला तरी तू आपला जुन्याच सुरांत घुटमळतोस. डाव्या हाताने कॉर्ड धर, उजव्याने चाल रच. कान आपोआप तयार होईल."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. "मला पियानोवर बसवून सोलो दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा डाव आहे."

"मग नका घेऊ पियानो."

"नाही घेतला तर ऐकत नाही म्हणून काढतील. घ्यायचाच, पण असा, की घरातून हलवून बँडमध्ये नेताच येणार नाही."

दुकानदाराने आधी एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड पुढे केला. "हलका आहे. काखोटीला मारा नि कुठेही न्या."

"तोच नको."

मग दुकानदाराने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं, लाकडी पायांचं एक धूड दाखवलं. "याच्या पट्ट्या वजनदार आहेत, खऱ्या पियानोसारख्या." वजन म्हटल्यावर निरीक्षकाचा हात आपसूक पिशवीत गेला. त्याने पन्नास ग्रॅमचं प्रमाणित वजन काढून उजव्या टोकाच्या पट्टीवर ठेवलं. पट्टी खाली गेली. मग डाव्या टोकाच्या पट्टीवर ठेवलं. ती जागची हलली नाही.

"हे मापात पाप आहे," तो म्हणाला.

"अहो साहेब, खऱ्या पियानोतही खालच्या सुरांच्या पट्ट्या जडच असतात."

निरीक्षकाने अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या तपासल्या. तेवढ्यात दुकानदार दोनदा चहा पिऊन आला. शेवटी ते धूड घेतलं, आणि चार माणसांनी घामाघूम होऊन ते जिन्यावरून वर चढवलं. नेमकं हे समोरच्या इमारतीतल्या ड्रमरने पाहिलं, आणि शनिवारच्या आत ती बातमी बँडभर झाली.

शनिवारी बँडचे पियानोवादक डॉक्टर त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. हे दातांचे डॉक्टर एरवी फार बोलके. निरीक्षकाने त्यांना नीट न्याहाळलं. त्यांच्या ओठांवर एक लालसर गोल ठसा होता. असा ठसा कशाने उठतो हे ट्रंपेटवाल्याला कुणी सांगावं लागत नाही.

"डॉक्टर, ओठाला काय झालं?"

"काही नाही. चहा गरम होता."

"चहाने असं मोजून मापून गोल भाजतं?"

डॉक्टर ताडकन उठले. "हो, शिकतोय मी ट्रंपेट. तुम्ही अख्खा पियानो घरात आणून बसवलात. उद्या माझी जागा गेली तर मी काय हात हलवत घरी जायचं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, मी कुणाला काढतोय असं तुम्हाला सांगितलं तरी कुणी?"

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर संशय आला."

डॉक्टरांचं म्हणणं निरीक्षकाला आयुष्यात पहिल्यांदाच पटलं. कुणाचीही जागा हलणार नाही, असं मास्तरांनी शपथेवर सांगितलं. दोघांनी मान डोलावली आणि दोघांचाही काडीचा विश्वास बसला नाही.

निरीक्षक रोज सकाळी तासभर पियानोवर बसू लागला. डॉक्टर आपल्याला कुठे गोत्यात आणतील ते आधीच कळायला हवं होतं. हळूहळू बोटं कुठे पडली की कोणता कॉर्ड होतो, हे त्याला लांबूनही ओळखता येऊ लागलं.

कार्यक्रमात डॉक्टरांचा डावा हात दिसेल अशा जागी तो मुद्दाम उभा राहिला. सोलो सुरू झाला. डॉक्टरांची बोटं नव्या कॉर्डकडे वळली की याचा सूर तिथे आधीच हजर. आपली चूक पकडायलाच हा टपलाय हे डॉक्टरांनी ओळखलं होतं, त्यामुळे त्यांनीही एक पट्टी इकडची तिकडे होऊ दिली नाही. सोलो संपला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. निरीक्षकाला रडू येईल इतका आनंद झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच, आपण काय वाजवणार आहोत हे त्याला वाजवण्याआधी ऐकू आलं होतं.

वाद्यं आवरताना मास्तरांनी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. हा माणूस सरळ असावा, असं निरीक्षकाला क्षणभर वाटलंसुद्धा. तेवढ्यात मास्तर ड्रमरकडे वळले. "तू जरा गायला शिक. चाली गळ्यात बसल्या की हात मोकळा होईल." ड्रमर बिचारा हसत हसत हो म्हणाला.

निरीक्षकाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होते.

"चांगला माणूस होता," डॉक्टर ड्रमरकडे बघत हळूच म्हणाले.

"वाजवायचाही छान," निरीक्षक म्हणाला.