शाकाहारी टिकली

सरकारचा नवा नियम सदानंदनेच पेपरात वाचून बायकोच्या बचत गटाला ऐकवला. पाकीटबंद खाण्यावर आता ठिपका हवा. शाकाहारी असेल तर हिरवा, मांसाहारी असेल तर चॉकलेटी, आणि भोवती चौकोन. वाशिंदच्या या गटाचा माल म्हणजे नाचणीचे पापड आणि सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची, चटणी.

“सुकटीला ठिपका कशाला?” त्याची बायको शालन म्हणाली. “वास येतो की.”

“कायदा वासावर चालत नाय.”

पाकिटं छापून घेणं गटाला परवडणारं नव्हतं. तेव्हा सदानंदनेच तोड काढली, टिकल्या लावायच्या. कासाराकडून त्याने दोन्ही रंगांच्या टिकल्या आणल्या, सुट्टीच्या दिवशी पट्टीने चौकोन आखले आणि एकेक टिकली मधोमध चिकटवली. कारखान्यातला सुपरवायझर तो, बायकांना हात लावू देईना. खोकीही त्यानेच बांधली.

शहापूरचे जयराम शेठ पापड दुकानात ठेवायला तयार झाले होते. खपले तर गटाला बारमाही काम मिळणार होतं. निघताना सदानंद म्हणाला, “मी आणलेली ती हिरवी साडी नेस. शाकाहारी मालाला शोभेल.” शालनने एकदा साडीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तीच साडी नेसली.

शेठ माळकरी. दुकानात अंडंसुद्धा ठेवत नसत. त्यांनी खोकं उघडलं, पाकीट हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

“ताई, पापडात काय घातलंय?”

“नाचणी, उडीद, हिंग. का वो?”

“मग ही खूण मांसाहाराची कशी?”

शालनने पाकीट पाहिलं. ती बोलणार तोच सदानंद पुढे सरसावला. “शेठ, ही खूण शाकाहाराची. नियम मी वाचलाय.”

“नियम मीपण वाचलाय. हा रंग तो नव्हे.”

“मग डोळे तपासून घ्या,” सदानंद म्हणाला, आणि गिऱ्हाइकं जमलेली बघून त्याला आणखी जोर चढला. गूळ घ्यायला आलेल्या लहानी मावशींपुढे त्याने पाकीट धरलं. “मावशे, तूच सांग. रंग कोणता?”

मावशींनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, मग शालनकडे बोट केलं. “हा काय, तुझ्या बायकोच्या साडीचा. चाकलेटी.”

सदानंदने साडीकडे पाहिलं. त्याची कानशिलं तापली. हिरवा आणि चॉकलेटी आपल्याला सारखेच दिसतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ते कुणाला कळलेलं नाही, असा त्याचा समज होता.

“माझीच चूक, शेठ,” शालन म्हणाली. “टिकल्यांची पाकिटं मीच उलटी दिली यांना.” शेजारच्या दुकानातून तिने हिरव्या टिकल्या आणल्या आणि तिथेच बसून सगळ्या बदलल्या. शेठनी माल ठेवून घेतला. सदानंद सोललेल्या टिकल्या मुठीत घेऊन उभा राहिला. त्याला मान वर करवेना.

स्टँडवर येऊन दोघं एसटीची वाट बघत उभी राहिली. सदानंद हळूच म्हणाला, “तुला कवापास्नं ठाव?”

“ही साडी आणलीत तवापास्नं.”

“बोलली का नायस?”

“तुमी किती खुशीत हुता.” शालनने पदर सारखा केला. “दुकानात चाकलेटी म्हणा. घरात हिरवीच राहू द्या.”