दादू परबांची कटकट

दादू परब दादरच्या लग्नाहून टॅक्सीनं परतले तेव्हा अंगात कोट होता आणि खिशातून गजऱ्याचा दोरा लोंबत होता. टॅक्सी चाळीच्या दारात थांबली. घर दहा पावलांवर, तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली. पण गडी घरी गेला नाही. जिन्याखालची सायकल काढली, कोटासकट टांग टाकली, नाक्यापर्यंत जाऊन वळसा घेतला आणि कट्ट-कट्ट-कट्ट आवाज करत परत आला. मग सायकल जागेवर लावून घरात शिरला.

"जेवण जिरवतायत," वरच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं. चाळ हसली. मीही हसलो.

आमची चाळ अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे. तिच्यातला पहिला पदवीधर मी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सातवीच्या वर गेलं नव्हतं, त्यामुळे मी सही करताना पुढे 'बी.ए.' लिहितो. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. पदवी मिळाल्याबरोबर चाळ कमिटीनं मला सेक्रेटरी केलं, आणि माझ्या पदवीवर पहिलं काम आलं ते दादू परबांच्या सायकलीचं.

सायकल जुनी होती, पण फ्रेम ठणठणीत. दुखणं पोटात. दोन्ही पायडलांना जोडणारा एक्सल फ्रेमच्या खालच्या नळीत दोन कपांच्या मध्ये छऱ्यांवर फिरतो. तो झिजला होता, छरे फुटले होते, आणि दर फेऱ्याला कट्ट व्हायचं. नाक्यावरून ऐकू येई. अध्यक्ष म्हात्रे रात्रपाळीवाले, संध्याकाळी उशिरापर्यंत झोपणारे. त्या कट्टनं ते गादीत उठून बसत.

गंमत म्हणजे दादू स्वतः साकीनाक्याच्या कारखान्यात फिटर. दुसऱ्यांची मशिनं कानानं ओळखणारा माणूस. त्याला हे काम म्हणजे पाव तासाचं. पण सांगायला जावं तर उत्तर तयार.

"काका, तो एक्सल बदला ना."

"कशाला? फ्रेम शाबूत आहे."

"अहो, आवाज!"

"घंटी चोरतात रे, बीए. आवाज कोण चोरील?"

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे, नवीन माल लोण्यासारखा, दोन पावसाळ्यांत वितळतो. तिसऱ्या दिवशी म्हणे, म्हात्र्यांनी झोपावं कशाला, वय झालंय का त्यांचं? प्रत्येक उत्तर छाती पुढे काढून.

शेवटी मी नोटीस लिहिली. 'आपल्या वाहनापासून उद्भवणाऱ्या ध्वनीमुळे रहिवाशांच्या स्वास्थ्यास बाधा पोचत असून आठ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास जिन्याखालची जागा काढून घेण्यात येईल.' नोटीस मागल्या पानावर उत्तर घेऊन परत आली. 'नोटीस मिळाली. शुद्धलेखन चांगलं आहे. सायकल आहे तशी राहील. जागा काढून घ्यायला येणाऱ्यानं जेवून यावं. दा. परब.'

मला राग आला. खरं सांगतो, शुद्धलेखनाची तारीफ झाली म्हणून जास्तच आला.

पुढच्या रविवारी दादूंच्या कारखान्याची ट्रिप अलिबागला गेली. सायकल जिन्याखाली एकटी. मी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून नवा एक्सल, कप, छरे आणि पाने आणले. ठरवलं, भांडण मिटवायचं ते कामानं. डावा कप निघाला. उजवा हलेना. मी पान्याला लोंबकळलो, बोटं सोलवटली, तासभर घाम गाळला. मग सायकलवाला स्वतः बघायला आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे साब, उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तुम्ही सकाळपासून तो घट्ट करताय." हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारपर्यंत काम झालं. पायडल फिरवलं. काही नाही, नुसती ग्रीसची सळसळ. जुना एक्सल, कप आणि फुटके छरे मी कमिटीला दाखवायला वर्तमानपत्रात बांधून ठेवले.

दिवेलागणीला दादू बसमधून उतरले. सवयीप्रमाणे आधी सायकल काढली. मी गॅलरीत उभा, आता खाली येऊन आभार मानतील अशा थाटात. ते नाक्यापर्यंत गेले, आले. उतरून पायडलाकडे पाहिलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. मग सायकल भिंतीला टेकवून घराच्या दाराशी गेले. मी खाली उतरलो.

"आये, मी इलंय," दादू म्हणाले.

"कोण तू मेल्या?" आतून त्यांच्या आईचा आवाज.

"मी दादू."

"माझो दादू सायकलीवरसून येता. ऐकाक येता माका. मागे एक मेलो असोच 'आये, मी इलंय' म्हणालो नि हंडो घेऊन गेलो."

तांब्याचा हंडा गेला होता हे चाळीला ठाऊक होतं. म्हातारीला पेंग आली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"आजी, खिडकीतून बघा ना," मी ओरडलो. "काकाच आहेत!"

दादूंनी माझं मनगट असं धरलं की सोलवटलेली बोटं ठणकली. बाजूला नेऊन हळूच म्हणाले, "तिला दिसत नाही. दोन वर्षं झाली. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय."

ती रोज संध्याकाळी खिडकीत पोथी उघडून बसायची. वाचतेय, असं आम्ही एकमेकांना कौतुकानं सांगायचो.

मी वर धावलो आणि वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन आलो. दादूंनी जिन्याखालच्या दिव्यात सायकल उलटी केली. उजवा कप न बघता बरोबर बाजूला फिरवला. मी छरे पुसून देत होतो. त्यातला धडका छरा त्यांनी परत माझ्या हातात ठेवला. "हा नको. फुटका दे."

पाव तासानं नाक्याकडून आवाज आला. कट्ट-कट्ट-कट्ट. दादू अजून रस्त्यावरच होते, तोवर आतली कडी पडली आणि दार उघडलं.

"उशीर झालो तुका."

"बस उशिरा इली, आये."

"कोण एक मेलो तुझा नाव घेऊन दार बडवी होतो. मी काय उघडूक नाय."

"बरा केलंस," दादू म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

पुढच्या सभेत म्हात्रे तावातावानं उभे राहिले. मी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि लिहिलं : 'सेक्रेटरींनी सायकलीची जातीनं तपासणी केली. सदर आवाज दुरुस्तीच्या पलीकडे आहे. नोटीस मागे घेण्यात येत आहे.'

"असं कसं? एक्सल बदलता येतो की!" म्हात्रे म्हणाले.

"येत नाही," मी म्हणालो. "मी करून बघितलंय."

म्हातारी जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून हे सांगतो. त्या वहीत मी लिहिलेलं एवढं एकच वाक्य खोटं आहे. त्याच्याखाली मी सही केली, पूर्ण नावानं, आणि पुढे 'बी.ए.' जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.