ज्याची खबर त्यालाच

मालवणातल्या बिऱ्हाडातली आमची पहिली सकाळ. सामानाची पोती अजून सुटायची होती, तोच दारावर तीन टकटक आणि एक खोकला ऐकू आला. दार उघडलं, तर बाहेर साठीच्या आसपासचा एक किडकिडीत माणूस. अंगात खाकी कोट, काखेत छत्री, आणि चेहरा असा की हा नुकताच कोणाला तरी पोचवून आलाय.

"नवीन मास्तर तुमीच?"

"हो."

"घरात आणि कोण आसा?"

"बायको."

"तेंकाय बोलवा. घरात पाणी भरलेला आसा मां?"

सुमन हातातला डबा तसाच घेऊन बाहेर आली. माझ्या डोळ्यांपुढे मिरजेतली आई आणि तिचा दमा उभा राहिला.

"आदी बसा. दोगाय बसा. घाबरण्यासारखा काय एक नाय."

इतकं ऐकल्यावर न घाबरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आम्ही दोघं पोत्यांवर बसलो. त्यांनी टोपी काढली, एकदा माझ्याकडे, एकदा सुमनकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"तुमच्या न्हाणीच्या मागल्या दगडी गडग्यात मुंगसान पिल्लां घातल्यान. तीन. तिनय खुशाल आसत."

टोपी घातली, आणि गेले. सुमन डबा मांडीवर घेऊन पाच मिनिटं हसत होती. मला मात्र हसू यायला दुपार उजाडावी लागली.

हे बाबलकाका. तेव्हा अजून मुंबई राज्य होतं आणि मी हायस्कुलात भूगोल शिकवायला घाटावरून आलो होतो. बाबलकाका आमच्या शेजारी एकटेच राहायचे. तीस वर्षं त्यांनी तारा वाटल्या होत्या. पेन्शनीत निघताना खाकी कोट ठेवून घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हा त्याची पितळी बटणं त्यांनी स्वतः कात्रीने कापून परत केली. "बटणार सरकारचो शिक्को आसा. मी आता सरकारचो न्हय." तेव्हापासून कोट सेफ्टी पिनांवर तगून होता.

त्यांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. आधी समुद्राची पुळण, मग माडांच्या बागा, मग एकेका वाडीतले गडगे, विहिरी, परसं. काय काय दिसायचं त्यांना! कोणाच्या फणसाला खोडात अगदी खाली पहिला कुयरा धरलाय, कोणाच्या विहिरीत कासव आलंय, खंड्याने कोणाच्या दरडीत बीळ कोरलंय. मालक घोरत असायचा तेव्हा त्याच्या आंब्याला मोहोर आल्याची वार्ता बाबलकाकांकडे तयार असायची. सूर्य वर आला की ते ही जमा झालेली माया दारोदार पोचवायला निघत. पद्धत तीच, तारेची: तीन टकटक, एक खोकला, घरात कोण आसा, पाणी आसा मां, आदी बसा.

आणि नियमही तारेचाच. ज्याची खबर त्यालाच. एकदा मी सहज विचारलं, "काका, आज समुद्रावर काय विशेष?"

"आसा एक. पण ता मासेवाल्या पारूबायचा आसा. तुमका कसा सांगू?"

"अहो, समुद्र सगळ्यांचा!"

"दर्या सगळ्यांचो. खबर पारूबायची."

या नियमाचा फटका आमच्या हेडमास्तरांना बसला. हेडमास्तर दोन दिवस कुडाळला गेले होते. पहिल्याच सकाळी बाबलकाका त्यांच्या दारात. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "काम काय ते मला सांगा." काका म्हणाले, "सायबांच्या नावाचा आसा. बसतंय." आणि समोरच्या गडग्यावर बसले. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हजेरी. बाईंना वाटलं, नवऱ्याने काहीतरी लपवलंय. त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर आले, मागच्या पडवीत धोतर वाळत घालायला गेले, आणि बोंबलतच बाहेर आले. बाबलकाका तत्परतेने पुढे झाले.

"सायब, आदी बसा. घाबरण्यासारखा काय एक नाय. तुमच्या मागल्या पडवीत आग्या माशयांनी पोळा बांधल्यानी."

बसणं हेडमास्तरांना पुढचे चार दिवस शक्य नव्हतं. माशी नेमकी तिथेच चावली होती.

एखाद्या दिवशी मात्र बाबलकाका रस्त्याच्या पलीकडून, मान खाली घालून जायचे. हाक मारली तरी थांबायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणायचे, "काल तुमच्यासाठी काय गावाक नाय. रिकाम्या हातान कसो येव?"

मला हे सगळं वेड वाटायचं. निरुपद्रवी, पण वेडच. मग एकदा पारूबाईने माझे कान उपटले. पारूबाई आमच्या दारावर मासे घेऊन यायची. नवरा होडीवर, आणि तिची जीभ तिच्या कोयत्याहून धारदार. मी बांगडे निवडता निवडता बाबलकाकांची थोडी नक्कल केली. तिने टोपली उचलून परत डोक्यावर ठेवली.

"हसतास काय मास्तरानू? तुमी घाटार होतास तेवा. हो मनीस आमच्या वाडीत पाय ठेवी, तेवा बायलो दारां लावून घेयत. आमचे घो, झील, भाव, सगळे दर्यार नायतर बोटीर खलाशी. तार इली म्हणजे कोण तरी गेलो. हेचो कोट लांबसून दिसलो काय रडूक सुरवात. कोणाच्या दारात थांबता, तेवडाच बघूचा."

"पण आता तर ते पेन्शनीत आहेत."

"ता आमका कळता, आमच्या काळजाक खंय कळता? पेन्शनीत इल्यार पयल्या दिसाक हो नुसतो फिराक म्हणून वाडीत इलो, तर माजी सासू चुलीकडे आडवी झाली. तोंडार पाणी मारूचा लागला. हेना बगल्यान. दुसऱ्या दिसाक इलो तो सांगूक, की तुमच्या पेरवाच्या झाडार बुलबुलान घर बांधल्यान. माका असो राग इलो! म्हटलंय, मेल्या, माजो घो दर्यार आसा, नि तू बुलबुल सांगतंस? पण रोज येय. कायतरी बरा घेवनच येय." तिने टोपली खाली उतरवली. "आता तो येता तेवा आमचो कुत्रो सुदा उठणा नाय. होये मां चार बांगडे?"

मी सहा घेतले.

दुसऱ्या वर्षी सुमन पहिल्या बाळंतपणासाठी मिरजेला गेली. दिवस भरत आले तसं सासऱ्यांचं पत्र आलं: मूल आडवं आहे, डॉक्टर काळजी घेताहेत. रजा मिळेना, कारण परीक्षा तोंडावर. मी वर्गात नकाशा उलटा टांगू लागलो. बाबलकाका रोज यायचे, पण खबर सांगून झाली तरी दारात रेंगाळायचे. "मिरजेसून काय?" असं कधी विचारलं नाही. त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

त्यातच एक दिवस शाळेच्या कामासाठी मला कुडाळला जावं लागलं. संध्याकाळच्या एसटीने परत आलो. गाडी स्टँडात वळत होती, अजून थांबलीही नव्हती, आणि बाजूने एक माणूस छत्री उंचावून धावताना दिसला. कोटाच्या पिना सुटलेल्या, टोपी हातात.

"मास्तरानू! चेडू झाला! चेडू झाला! दोगाय बरी आसत!"

अख्ख्या गाडीने ते ऐकलं. कंडक्टरने घंटी मारली, पुढच्या बाकावरच्या म्हातारीने "बरा झाला, लक्ष्मी इली" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. मी दारातून उतरलो की पडलो, ते मला आजही आठवत नाही. बाबलकाकांच्या मागून नवा तारवाला धापा टाकत येत होता. चाळिशीचा, वैभववाडीकडचा, स्वभावाने भित्रा.

"मास्तर, मी काय्येक केलंय नाय! मी तार घेवन तुमच्या दारात उभो होतंय. ह्येनीच माझ्या हातातली ओढून घेतल्यानी नि फोडल्यानी! माजी नोकरी जातली!"

घडलं होतं ते असं. तार दुपारीच आली. दाराला कुलूप. बाबलकाकांनी लिफाफा पाहिला आणि तारवाल्याला पायरीवर बसवून घेतलं. अर्धा तास दोघं त्या लिफाफ्याकडे बघत बसले. मग काका एकाएकी उठले, तो हिसकावला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे धावले, कारण त्यांना स्वतःला पत्त्यापलीकडचं इंग्रजी येत नव्हतं. कंपाउंडरने दवाखान्याच्या दारात उभं राहून, औषधाच्या बाटलीवरचं वाचतो तसं, मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर बाबलकाका कुडाळकडून येणारी प्रत्येक गाडी बघत स्टँडावर उभे. वाटेत भेटेल त्याला सांगत. हेडमास्तरीणबाईंना सांगितलं. पारूबाईला सांगितलं. मला मुलगी झाल्याचं मालवणात सगळ्यात शेवटी कोणाला कळलं असेल, तर ते मला.

मी तारवाल्याला समजावलं की तार मीच फोडली असं सांगेन. तो गेला. आम्ही दोघं समुद्राच्या वाटेने घराकडे निघालो. दिवेलागण होत होती. पुळणीवर बाबलकाका टेकले, तसा मीही बसलो. मी चेष्टेने म्हणालो, "काय काका, ज्याची खबर त्यालाच ना?"

ते हसले नाहीत. पायाशी वाळूत बारक्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळातून बाहेर येऊन वाळूच्या इवल्याशा गोळ्या मांडत होत्या. त्यांच्याकडे बघतच बोलले.

"लढायेच्या वर्साक माजो झील दत्तू बोटीर खलाशी होतो. एक दिवस तारमास्तरांनी माका पिशवी दिल्यानी, नि एक तार हातात धरून ठेवल्यानी. म्हणाले, बाबल, आज तू घरी जा. मी समजलंय. तारेर नाव माजाच होता. म्हटलंय, पिशवीत आनी दोन आसत, त्यो देवन जातंय. त्यो दिलंय. दुपारी घराकडे इलंय. गडग्याच्या भायरसून बगलंय, तर आमची म्हातारी, तेवा म्हातारी खंय ती, बांगडे साफ करी होती, नि मांजराक गाळी घाली होती. दत्तू येतलो तेवा तेका लोणचा घालूचा आसा, म्हणून मांजराक पुढे येवक देय नाय होती."

ते थांबले. सुटलेली एक पिन त्यांनी कोटाला परत लावली.

"माझे पाय फुडे जायनत. परत फिरलंय. हयच येवन बसलंय. काय करतलंय? ह्या कुर्ल्यांकडे बगीत ऱ्हवलंय. भरती इली, सगळ्यो गोळयो पुसान गेल्यो. ओहोटी लागली, परत करूक लागल्यो. असा बगण्याची सवय माका थयसून लागली. सांज झाली तेवा घराक गेलंय नि सांगितलंय. तिना इचारल्यान, तार कदी इली? म्हटलंय, आताच."

"त्यांना कधीच कळलं नाही?"

"नाय. तशीच गेली ती." त्यांनी एका कुर्लीच्या वाटेतून आपला पाय बाजूला घेतला. "पण सांजेपर्यंत तिचो झील जितो होतो, मास्तरानू. माझ्या हातात तेवडाच होता."

समुद्र मागे सरत होता. मग त्यांनीच विचारलं,

"चेडवाचा नाव काय ठेवतल्यात?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरवा सावकाश," ते म्हणाले. "घाई कसली आसा?"

आणि उठायचं सोडून त्यांनी पाय आणखी जरा लांब केले.