अक्कांना पटलेली मंगला

आमच्या देवपूरच्या कॉलनीतल्या सिंधूअक्का आमच्याकडे खून बघायला येतात. दुपारची जेवणं आटोपली की शेंगांची परडी घेऊन येतात, सोफा सोडून खाली फरशीवर बसतात आणि विचारतात, "भाऊ, त्या मुडदानं काही नवं उनं का?" म्हणजे, त्या मेल्यावर टीव्हीला काही नवं आलं का.

हा मुडदा म्हणजे एक खराखुरा खुनी. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या खान्देशात बाजाराच्या वाटेवर एकट्यादुकट्या बायांना गाठून मारायचा. पकडला गेला, फासावर गेला, आणि मग त्याचं नशीब उघडलं. त्याच्यावर चित्रपट निघाले, मालिका निघाल्या, पुस्तकांची तर गणतीच नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही. पुरेसं छापून झालंय, आणि अक्कांना चालत नाही.

त्या बायांमध्ये एक मंगला होती. अक्कांची थोरली बहीण. माहेर दोंडाईच्याजवळच्या खेड्यातलं. आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, सासरहून आली, दोन दिवस झोके खेळली, तिसऱ्या दिवशी बाजाराला गेली ती परत आली नाही. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. खुद्द अक्काच सांगतात, आणि अगदी कोरड्या आवाजात, एखादा निरोप द्यावा तसं. त्यांचं मागणं एवढंच, की कुणीतरी एकदा मंगला होती तशी दाखवावी.

त्यामुळे मुडद्याकडे अक्का ढुंकूनही बघत नाहीत. तो पडद्यावर आला की त्या शेंगा सोलतात. नट कितीही मोठा असो, डोळे कितीही फिरवो, अक्कांचं लक्ष परडीत. मंगला आली की मात्र मान वर होते आणि निकाल लागतो, "बठ्ठं खोटं शे!" सगळंच खोटं.

पहिल्या चित्रपटात मंगलाला नऊवारी नेसवली होती, गळ्यात कोल्हापुरी साज घातला होता आणि ती वाक्यावाक्याला 'जी' म्हणत होती. "हाई कोन शे? कोल्हापूरनी पाहुनी?" अक्कांनी विचारलं. मंगला गोल पातळ नेसायची आणि नवऱ्यालाही कधी 'जी' म्हणाली नाही. दुसऱ्यात ती पांझरेच्या काठाने घागर घेऊन चाललेली, आणि नदी दुथडी भरून वाहतेय. "पांझरामा इतलं पानी? मंग आम्ही काब्र टँकरनी वाट देखतस?" एका हिंदी मालिकेत तर तिचं त्या मुडद्यावर प्रेम बसवलं होतं. त्या दिवशी अक्का अर्धवट सोललेली परडी तशीच उचलून घरी गेल्या आणि चार दिवस आमच्याशीही अबोला धरला, जणू मालिका मीच काढली होती.

पुस्तकं त्या मला वाचायला लावत. एका लेखकाने मंगलाला 'निष्पाप कळी' म्हटलं होतं. अक्का हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "कळी? ती कंडक्टरसंगे भांडे, भाऊ! सुट्टे पैसे लिसन मंगच उतरे!" मग मेल्या माणसाला कळी म्हणायची लेखकांना कसली घाई असते, यावर त्यांनी माझ्या बायकोला बराच वेळ ऐकवलं. मधल्या मध्ये माझा चहा राहिला.

गेल्या वर्षी मुंबईहून एक लेखिका आली. नवी मालिका लिहीत होती. पोरगी नम्र होती, आमच्या बैठकीतच बसली. "अक्का, त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं होतं का?" तिने विचारलं.

"त्या मुडदानं तुम्हा लोकेसले बठ्ठं ठाऊक शे. तू मंगलानं ऐक," अक्का म्हणाल्या, आणि पदर खोचून सुरू झाल्या. आखाजीचा झोका निंबाला कसा बांधतात, मंगला त्यावर बसायची नाही, उभी राहायची. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. गाण्याचे शब्द विसरली की त्याच चालीत मैत्रिणींना शिव्या द्यायची. पोरगी लिहून घेत होती आणि अक्का तिला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर तेल-तिखट वाढत होत्या. ती डोळे पुसत निघाली. बहिणीमुळे की तिखटामुळे, ते कळलं नाही.

मालिका आली. रविवारची दुपार होती. मंगलाचा भाग लागला आणि आमच्या घरात कुणी हालेना. पडद्यावर निंबाचं झाड, गोल पातळातली पोरगी झोक्यावर ताठ उभी, दातांत फट. मागून ढकलणारीला ओरडतेय, "जोरमा दे ना व माय!"

"हाईच! हाईच मनी मंगला!" अक्कांनी टाळी वाजवली. शेंगा फरशीभर झाल्या. त्या हसत होत्या, बायको हसत होती, मलाही उगाच आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. मंगला कंडक्टरशी भांडली तेव्हा तर अक्का गुडघ्यावर हात मारून म्हणाल्या, "आते कसं!"

मग बाजारची वाट आली. भर उन्हातली, ओसाड. मंगला पिशवी घेऊन एकटी चाललेली.

मी अक्कांच्या निकालाची वाट पाहू लागलो. निकाल येईना. त्यांचा हात परडीवर तसाच राहिलेला. शेवटी मीच चुका शोधायला लागलो.

"अक्का, त्या वाटेवर एवढ्या बाभळी नव्हत्या ना?"

"व्हत्या."

"पिशवी तरी वेगळी असेल."

"तीच शे."

"आणि अशी गुणगुणत कोण चालतं उन्हात?"

"ती चाले," अक्का म्हणाल्या.

मी टीव्ही बंद केला, पण उशीर झाला होता. अक्का काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, समजावून सांगावं तशा हळू म्हणाल्या, "आजलगून दुसरीच कोनी मरे, भाऊ. आज मनी बहीण मरनी."

बायको त्यांच्याजवळ खाली जाऊन बसली. आणि मयताच्या घरी बाया रडतात तशा, बहिणीचं नाव घेऊन, मोठ्याने, अक्का रडल्या.