भाऊजींच्या गाडीला ऊन लागतं

ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे माणसं खिशात कांदा ठेवतात. माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तो गाडीच्या बोनेटखाली बांधतात. इंजिन तापलं असं ते कधी म्हणत नाहीत. "तिले ऊन लागलं," म्हणतात, आणि तोंड असं करतात की ऐकणाऱ्याने डॉक्टरच बोलवावा.

रेडिएटरचा पंखा दोन उन्हाळ्यांपासून मेलेला. नवा बसवा, हे सांगून मी थकलो. सालेकशाला धानाची शेती आहे, पैशाला तोटा नाही. अकलेचं विचारू नका.

यंदा मे महिन्यात मी त्यांच्या गाडीत गोंदियाला निघालो, ते त्यांना मिस्त्रीच्या दारात उभं करायचंच असं ठरवून. आमगाव यायच्या आतच काटा लाल रेघेला टेकला. भाऊजींनी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात हीटर.

"हे काऊन?" मी ओरडलो.

"तिच्या पोटातली गरमी आपल्या अंगावर घ्या लागते. बिमाराचं थोडं आपनही सोसाव."

ही युक्ती खरी आहे म्हणतात. असेल. माझा मात्र उकडा तांदूळ झाला.

मग एका घरासमोर त्यांनी गाडी घेतली, इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालताच खेकसले, "आता उघडशीन तं तोंडावर थुकन. शांत होऊ दे तिले."

तोवर घरातली बाई गुंडभर पाणी घेऊन बाहेर आलीच. "आले का जी मामाजी? आज उशीर केला."

तिने खाट टाकली, चहा ठेवला. भाऊजींनी तिच्या सासूच्या गुडघ्यापासून म्हशीच्या वगारीपर्यंत सगळ्यांची खुशाली घेतली. इंजिन केव्हाच थंड झालं होतं, तापलेला फक्त मी होतो. गोंदियापर्यंत अशी आणखी दोन घरं लागली आणि दोन्हीकडे यांची वाट पाहणं चाललेलं.

मिस्त्रीला मी आधीच फोन केला होता. पंखा तयार होता.

"आधे घंटे का काम है, चाचा," तो म्हणाला.

भाऊजींनी मला बाजूला घेतलं. "नको लावू, बापू."

"कायले नको?"

"पंखा लागला तं गाडी मंधात थांबन कायले? सीधी घरी जाईन." त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. "तुयी बहीन गेल्यावर घरी कोन वाट पाहून राहिलं माही?"

ताईची फार आठवण आली. मी मिस्त्रीला म्हटलं, राहू दे पंखा.

"इंजिन बैठ जाएगा, साहब."

"बसू दे," मी म्हटलं.