मागचं चाक ओलांडल्याशिवाय नोंद नाही

नियोजनात माझी चूक होत नाही! ही बढाई नव्हे. स्थापत्य पदविका घेऊन चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाचं हे नम्र निवेदन आहे. निवृत्तीनंतर मी नगरसेवक झालो, तेव्हा एकच निश्चय केला: माझ्या प्रभागातलं कोणतंही काम आरडाओरड्यावर ठरणार नाही, आकडेवारीवर ठरेल.

यंदा प्रत्येक प्रभागाला एकच काँक्रीटचा रस्ता मिळणार होता आणि माझ्या प्रभागात उखडलेल्या गल्ल्या होत्या दोन. वरच्या गल्लीच्या तोंडाशी असा खड्डा होता, की नळाला पाणी सुटलं की त्यात म्हैस सहकुटुंब डुंबत असे. त्याच खड्ड्यात पडून गोजरबाईंनी सत्तराव्या वर्षी हात मोडून घेतला होता. खालच्या गल्लीत खड्डे कमी होते. पण तिथे काकासाहेब होते. तीन ट्रॅक्टर, सात पुतणे आणि साखर कारखान्याच्या भोंग्याएवढा आवाज!

"सायेब, ह्यो हात बगा," गोजरबाई गळ्यातल्या झोळीतला हात पुढे करून म्हणाल्या. "दुसरा मोडायच्या आत रस्ता करा."

"आन् आमी काय हवेतनं उडून जायचं व्हय?" काकासाहेब गरजले.

"शांत व्हा!" मी म्हणालो. "शुक्रवारी सकाळी सातपासून मी चौकात बसून वाहतूक मोजेन. बारा ते एक नगरपरिषदेच्या अभियंता निकिता स्वतः मोजतील आणि त्यांचाच आकडा अहवालात जाईल. जिथे वाहनं जास्त, तिथे रस्ता."

घरी सुनीतीला मी ही योजना आकृतीसह समजावून सांगितली.

"अहो, मोजायचं काय त्यात?" ती म्हणाली. "खड्डा दिसतोय की!"

"दिसणं हा पुरावा नव्हे, सुनीती!"

"मग आपल्या अंगणातला चिखलही दिसत नसेल तुम्हाला. सहा महिने झाले, मुरूम टाकतो म्हणताय. माझ्या फरशीवर रोज पावलांची रांगोळी!"

"शुक्रवारी दुपारी गोरक्षचा टेम्पो मुरूम घेऊन येतोय!" मी म्हणालो. नियोजन म्हणतात ते हेच.

शुक्रवारी मी पिठाच्या गिरणीसमोर खुर्ची टाकली. दोन्ही गल्ल्या तिथूनच चौकात उघडतात. दोन्ही तोंडांशी फक्कीची पांढरी रेघ मारली आणि फळ्यावर नियम लिहिला: 'मागचं चाक रेघेपार गेल्याशिवाय वाहनाची नोंद होणार नाही.' निकितांनाही हाच नियम लेखी कळवला होता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशी नोंद सुरू झाली.

आठपर्यंत सर्व शास्त्रशुद्ध चाललं. वर अकरा, खाली नऊ.

मग काकासाहेबांचा एक पुतण्या मोटारसायकलवरून गेला. परत आला. पुन्हा गेला. चौथ्या खेपेला त्याने टोपी घातली होती, सहाव्या खेपेला गॉगल!

"अरे, तू मघापासून तूच आहेस!" मी ओरडलो.

"माणूस मोजताय का गाडी?" तो म्हणाला. नियमात माणसाचा उल्लेख नव्हता. मी रेघ ओढली.

गोजरबाईंनी हे पाहिलं आणि मोबाईल कानाला लावला. तासाभरात पुणतांब्याहून त्यांच्या माहेरची माणसं कांद्याचे दोन टेम्पो घेऊन हजर झाली! पाठोपाठ भेळेची हातगाडी आली. तिच्यावर शेवेच्या डब्याशेजारी, सिंहासनावर बसावं तशा खुद्द गोजरबाई बसल्या होत्या.

"हे वाहन नाही!" मी म्हणालो.

"चाक हाय का न्हाई?"

"आहे, पण..."

"मंग लिवा गुमान! आन् तुमी भेळ खाणार का? तिखट करू?"

अकरा वाजता चौक देवीच्या यात्रेसारखा फुलला होता. कोण कुठे चाललंय, कोणालाच ठाऊक नव्हतं. सर्वांना फक्त जायचं होतं आणि लगेच परत यायचं होतं. माझ्या तीन पेन्सिली झिजल्या. पावणेबाराला काकासाहेबांनी ब्रह्मास्त्र काढलं: कारखान्याला निघालेले तिन्ही ट्रॅक्टर, प्रत्येकामागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या! ते खालच्या गल्लीतून चौकात वळले आणि कांद्याच्या टेम्पोंना नाकाला नाक लावून उभे राहिले.

"मागं घे!" काकासाहेब ओरडले.

"माहेरची माणसं मागं येत नसत्यात!" हातगाडीवरून उत्तर आलं.

नेमक्या याच क्षणी गोरक्षचा टेम्पो माझा मुरूम घेऊन आला. आमच्या घराकडे वळताना त्याचं मागचं चाक वरच्या गल्लीच्या खड्ड्यात रुतलं. रेघेच्या अलीकडे, फक्त एक वीत!

चौक बंद पडला. बाराच्या ठोक्याला निकिता आल्या. स्कूटर त्यांना बसस्टँडवरच सोडावी लागली होती. त्यांनी माझ्या खुर्चीत बसून वही उघडली आणि एक तास अत्यंत शांतपणे हॉर्न ऐकले.

एक वाजता त्यांनी लिहिलं: 'वरची गल्ली: शून्य. खालची गल्ली: शून्य.'

"अहो, त्रेचाळीस वाहनं उभी आहेत समोर!" मी कळवळलो.

"हो सर. पण मागचं चाक?" त्यांनी आदबीने माझ्या फळ्याकडे बोट केलं.

गोजरबाईंनी तो फळा वाचून घेतला आणि खाली मान घातली.

"सायेब," गोरक्ष म्हणाला, "गाडी रिकामी केल्याबिगर चाक निघायचं न्हाई."

"कर बाबा रिकामी!" मी म्हणालो.

धडाड्! माझा सगळा मुरूम खड्ड्यात गेला. टेम्पो बाहेर पडला. कांद्याचे टेम्पो हटेनात आणि आता बाहेर निघायला वरच्या गल्लीचीच वाट मोकळी होती, म्हणून काकासाहेबांचे तिन्ही ट्रॅक्टर आणि सहा भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक त्याच मुरमावरून गेल्या. असा भक्कम दाब मला आयुष्यात कोणत्याही रोलरने दिलेला नाही! तीन वाजता खड्डा नावालाही उरला नव्हता. गोजरबाई त्यावरून दोनदा चालल्या, एकदा पाय आपटून.

"काकासाहेब," त्या म्हणाल्या, "रोलर लई झ्याक चालिवला बगा!"



सोमवारच्या सभेत दोन शून्यांचा अहवाल वाचला गेला आणि आमच्या वाट्याचा काँक्रीटचा रस्ताही शेजारच्या प्रभागाला गेला. तिथले नगरसेवक "आमच्याकडं लई खड्डे हायेत" एवढंच म्हणून खाली बसले होते. संध्याकाळी गोजरबाईंनी चौकात चारचौघांसमोर मला नारळ दिला. "सायबाचं डोस्कं लई खोल! काकासाहेबाकडनंच काम करून घेतलं!"

"नियोजन, गोजरबाई," मी नम्रपणे म्हणालो. आकडेवारीच्या दृष्टीने हे विधान तपासून पाहू नये, ही विनंती.

नारळ घेऊन, अंगणातला चिखल तुडवत मी घरी आलो. दारात सुनीती खुर्ची टाकून बसली होती. हातात माझी वही. उंबऱ्यावर फक्कीची रेघ. पानावर शीर्षक होतं, 'चिखलाची पावलं', आणि खाली चार उभ्या रेघा.

मी एक पाय आत टाकला.

"सुनीती, ऐक तरी..."

"थांबा," तिने पेन्सिल उचलली. "मागचा पाय अजून बाहेर आहे. तो आत आला की मी आडवी रेघ मारते आणि मग आपण बोलू."

मी पुढचा पाय हळूच मागे घेतला. हा मजकूर पायरीवर बसून लिहितो आहे. नारळ फोडून खाल्ला.