सुकाभाऊंची फुंक

सत्यनारायणाच्या पूजेत आमच्या सुकाभाऊंनी भटजींच्या हातातला शंख मागून घेतला. भटजींना वाटलं, वाजवायचाय. सुकाभाऊंनी शंखाच्या रुंद तोंडावर पंजा गच्च दाबला, टोकाकडून फुंक मारली, भोकावर जीभ टेकवली आणि डोळे मिटून बसले. आरतीचं तबक हातात धरून सगळी आळी थांबलेली. जरा वेळानं डोळे उघडून त्यांनी निकाल दिला, "दम धरस नही. कुठे तरी बारीक चीर शे."

भटजींचा चेहरा असा झाला की मी प्रसादाच्या पातेल्यात तोंड लपवायची जागा शोधू लागले.

सुकाभाऊ, म्हणजे सुकलाल, माझे धाकटे दीर. मूळ धरणगावचे, आता आमच्याबरोबर जळगावात. हे, म्हणजे माझे यजमान, तेलाच्या गिरणीत कारकून. घराची रस्त्याकडची खोली भाऊजींची, तिथं त्यांचं दुरुस्तीचं दुकान. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक म्हातारे व्हायचे, त्या काळातली ही गोष्ट. ज्याला गाडी मिळाली तो तिला सुनेपेक्षा जपायचा. पेट्रोलमध्ये ऑइल कालवून चालणाऱ्या त्या फटफट्या, स्कूटरी, आणि रावेरकडून यायचे ते केळीवर औषध मारायचे इंजिनाचे पाठीवरचे पंप, हे सगळं आमच्या ओट्यावर. तुळशीला पाणी घालायचं तर दोन इंजिनं ओलांडून जायचं.

भाऊजींचा जीव कार्बोरेटरवर. ते मूठभर भांडं. टाकीतलं पेट्रोल त्यात येतं, हवेत मिसळतं आणि पुढं इंजिनाला जातं. आत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन एक टोकदार सुई भोकात दाबतो आणि वाट बंद होते. सुई नीट बसली नाही तर पेट्रोल वाहत राहतं आणि गाडी गुदमरते. मला हे कसं ठाऊक? अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून जेवताना दुसरं काही कानावर पडलंच नाही!

तर ती सुई तपासायची भाऊजींची रीत अशी. कार्बोरेटर उलटा धरायचा, म्हणजे फ्लोट सुईवर दाबून बसतो, आणि पेट्रोल येतं त्या तोंडाला रबरी नळी लावायची. नळीतून फुंक मारायची आणि लगेच टोकावर जीभ टेकवायची. कोंडलेली हवा जिभेला ढकलत राहिली तर सुई पास. हवा निसटली, जीभ ढिली पडली, तर नापास. पास म्हणजे "दम धरस", नापास म्हणजे "दम धरस नही". या दोन वाक्यांवर त्यांचा संसार चालायचा. संसार म्हणजे त्यांचा एकट्याचा.

बरं, हे गाडीपुरतं ठेवावं ना माणसानं! बाजारात माठ घ्यायला गेले की माठात फुंक. माहेरून माझ्या आईनं सुरई पाठवली, तिच्यात फुंक. माणसांनाही तोच निकाल. नवीन मास्तर आले, "दम धरस." शेजारचा विमा एजंट, "दम धरस नही." आणि आमचे हे असे भोळे, की धाकट्या भावाचा निकाल म्हणजे कोर्टाचा निकाल. दूधवाला बदलायचा तरी आधी सुकाला विचारायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, आमच्याकडे उचलली जीभ लावली नळीला.

वासाचं तर विचारू नका. त्यांनी नुसतं "वहिनी, चहा" म्हटलं तरी पेट्रोलचा भपकारा. भजनाला बायका आल्या की नाकाला पदर लावून विचारायच्या, "तुमचा स्टोव्ह भडकला का हो?" मी म्हणायची, हो. काय सांगणार?

त्या वासापायीच भाऊजींचं लग्न राहिलं. एकदाच ते मुलगी बघायला गेले, पारोळ्याला. जाताना वाटेत कुणाची तरी फटफटी बंद पडलेली दिसली. झालं! तशाच तोंडानं मुलीच्या घरी. मुलीच्या आईनं हळूच विचारलं, "मुलगा काही घेतो का?" भाऊजी सरळ म्हणाले, "थोडं पोटम्हा जास कधी कधी. इलाज नही." सोयरीक तिथंच संपली. मी इतकी वर्षं हा किस्सा सांगून लोकांना हसवत आले. भाऊजीही हसायचे. पण पुन्हा कुठं मुलगी बघायला गेले नाहीत.

आमच्या कुसुमला मात्र त्या वासाचं काही नव्हतं. पाळण्यात असल्यापासून काकाच्या खांद्यावर. शाळेत बाईंनी विचारलं, सुगंधी वस्तू सांगा, तर ही म्हणाली पेट्रोल. मला शाळेत बोलावून घेतलं होतं.

कुसुमसाठी धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा मुरलीधर, सोसायटीत नोकरीला, घरची कपाशीची शेती. कुसुमनं त्याला मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं आणि फोटो बघताना तिचे कान लाल झाले, तेव्हाच मी ओळखलं. स्थळ जमलं तर पोरीच्या मनासारखं होणार होतं. माझा जीव टांगणीला लागला. सगळ्यात मोठी भीती भाऊजींची. त्यांचे वरचे पुढचे दात पडून काही वर्षं झालेली. हसले की तोंडात खिंडार. त्यात तो वास. मी तोंडानं काही बोलले नाही, पण देवाला सांगितलं, त्या दिवशी ह्यांना धरणगावला धाड.

देवानं ऐकलं नाही. उलट पाहुण्यांच्या महिनाभर आधी भाऊजी घरात आले ते तोंडावर रुमाल धरून. रुमाल काढला तर आत पांढरीशुभ्र कवळी! बाजारातल्या दातवाल्याकडून बसवून घेतलेली. जरा मोठीच होती, ओठ मिटायचे नाहीत. कुसुम टाळ्या वाजवून म्हणाली, "काका, तुम्ही तर पुढारी दिसता!" भाऊजी जे लाजले! त्या दिवसापासून कवळी कुणासमोर काढायची नाही असा त्यांनी पणच केला. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायचे.

आणि काय योगायोग, त्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या सगळ्या सुया बिघडल्या. जो कार्बोरेटर येईल तो नापास. भाऊजी फुंक मारायचे, सुस्स आवाज यायचा, आणि मान हलायची. "बठ्ठा माल गळका ई राह्यना," सगळाच माल गळका येतोय, म्हणून कंपन्यांना शिव्या. रावेरचा एक शेतकरी नवी कोरी सुई घालून आला, तीही नापास. आळीतली माणसं हसू लागली. मला वाटलं, असेल बाई माल खराब, काळच तसा आहे.

पाहुणे आले. मुलाची आई आणि मावशी एसटीनं. मुलगा आणि त्याचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, ते फटफटीवर. गाडी दारात आली ती खोकत खोकत. मी खिडकीतून भाऊजींकडे पाहिलं. धुतलेलं धोतर, टोपी, नवे दात, आणि कान मात्र गाडीकडे. मी डोळ्यांनी खूप दटावलं. पण व्यसनी माणूस तो!

पोहे झाले, चहा झाला, कुसुम येऊन बसून आत गेली. सगळं गोडीत चाललं होतं. आबा म्हणाले, "पुढचं बोलायला हरकत नाही." तेवढ्यात बाहेरून भाऊजी आत आले. एका हातात मुरलीधरच्या गाडीचा कार्बोरेटर, दुसऱ्या हातात नळी.

"सुई कोन्ही बसाडी?" भाऊजींनी विचारलं.

"मीच बसवली काका, गेल्याच आठवड्यात," मुलगा कौतुकानं म्हणाला.

"मंग तू धुयाथून पेट्रोल सांडत उना, पोर्‍या." भाऊजींनी सगळ्यांसमोर फुंक मारली. सुस्स! "देखा. दम धरस नही."

आता हे वाक्य आमच्या घरात कार्बोरेटरपुरतं कधी नव्हतंच. ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. चेहरा उतरला. ज्याला एक सुई बसवता येत नाही आणि वर मीच बसवली म्हणून सांगतो, तो पोरीला काय सांभाळणार, हे त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट वाचता येत होतं. म्हणाले, "आम्ही विचार करून कळवतो."

कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं. आबा उठले. "आम्ही मुलगी बघायला आलो होतो, मुलाची परीक्षा द्यायला नाही. चला," म्हणून चपला शोधू लागले. पडद्याआड कुसुमच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. माझं तर लाजेनं पाणी पाणी झालं. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं पोथीत वाचलं होतं, त्या दिवशी खरंच वाटलं.

मुलगा तेवढा शांत. म्हणाला, "काका, रॉकेलात बुडवून बघू. हवा गळत असेल तर बुडबुडे येतील."

भाऊजींनी स्वयंपाकघरातलं माझं दुधाचं पातेलं उचललं, त्यात रॉकेल ओतलं. तेव्हा मला रडू येणार होतं, पण ते कशाकशासाठी रडायचं हे कळेना. कार्बोरेटर रॉकेलात बुडवला. फ्लोट तरंगून वर आला, सुई बसली. भाऊजींनी नळी तोंडात धरून फुंक मारली. सुस्स आवाज आला. बुडबुडा एकही नाही.

पुन्हा फुंक. पुन्हा सुस्स. पातेल्यात रॉकेल जागचं हललंसुद्धा नाही.

सगळ्यांनी पातेल्यातून नजर वर केली, ती हळूहळू भाऊजींच्या तोंडावर आली. त्या मोठ्या कवळीनं ओठ मिटत नव्हते, नळी धरली जात नव्हती. फुंक तिथूनच निसटत होती. महिनाभर जिल्ह्याच्या सुया नापास करणारी गळती तिथं होती.

खरं तर भाऊजींना सुटायला वाट होती. 'सुईत कचरा होता, निघाला' म्हटलं असतं तर कुणी खोदून विचारलं नसतं. हे तर पुढं सरसावून म्हणालेसुद्धा, "सुका, कचरा असेल रे."

"कचरा नही, दादा." भाऊजींचे कान, मान, सगळं लाल झालेलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. सगळ्यांच्या देखत कवळी काढली आणि समोरच्या पोह्यांच्या बशीत ठेवली. मुलाच्या मावशीनं डोळे मिटून घेतले. मग त्या बोळक्या तोंडात नळी धरून त्यांनी फुंक मारली आणि जीभ टेकवली. सुस्स नाही, काही नाही. चांगला वेळ गेला. नळी काढून ते म्हणाले, "दम धरस. सुई पास, पोर्‍या पास. मीच गळका."

आबा चपला हातात धरून उभे. विचारते झाले, "अहो, मग ही घातली कशाला?"

भाऊजींना दातांशिवाय बोलणं जड जात होतं. "पोरले देखाले पाव्हना येणार व्हतात. काकाना तोंडम्हा खिंडार दिसाले नको." मग मान खाली घालून हळू म्हणाले, "एक सोयरीक मन्ह्या तोंडपायी मोडनी. मी दुसरी मोडू देवाव नही."

मी ज्या किश्शावर इतकी वर्षं लोकांना हसवलं, तो ऐकून मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.

आबांनी चपला खाली ठेवल्या आणि पुन्हा बैठकीवर बसले. "वहिनी," मला म्हणाले, "आणखी एक चहा होईल का?" गाडी खोकत होती ती प्लगवरच्या काजळीनं, एवढं मुरलीधरनं नंतर हळूच सांगितलं.

लग्न थाटात झालं. भाऊजी कवळी घालून मांडवात फिरले, फोटोतही आहेत, ओठ उघडेच. कुसुम धुळ्याला गेली.

पण नंतर भाऊजींची फुंक बंद पडली. आळीला चघळायला विषय मिळालेला. येणारा जाणारा म्हणायचा, "सुकाभाऊ, आधी दात काढा!" रावेरच्या शेतकऱ्याकडे ते स्वतः जाऊन सुई चांगली होती म्हणून सांगून आले. मग मात्र लोकांसमोर कवळी काढवेना आणि घालून तपासता येईना. नळी खिळ्याला टांगलेली. गाडी आली की म्हणायचे, "दुसरीकडे न्या." दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. कुसुम होती तर बोलायला कोणी होतं. घरात पेट्रोलचा वास येईनासा झाला. जो वास जावा म्हणून मी नवस बोलले होते, तो गेल्यावर घर परक्याचं वाटू लागलं.

एके सकाळी तोच रावेरचा शेतकरी फवारणीचा पंप घेऊन आला. "केळीवर रोग पडलाय भाऊ, पंप मधेच बंद पडतो, सुई धरते का बघा ना." भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "माले नही जमत आता." समोरच्या ओट्यावर चार माणसं पेपर वाचत होती. त्यांनी पेपर खाली केले.

माझं डोकंच फिरलं. मी स्वयंपाकघरातून उठले, हात पदराला पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि खिळ्यावरची नळी काढली.

"भाऊजी, ते भांडं काढा आणि लावा ही नळी. कुठून फुंकायचं ते सांगा."

"वहिनी! पदराले वास लागी!"

"लागू दे."

त्यांनी कार्बोरेटर सोडवून उलटा धरला आणि नळी लावली. मी सगळ्या आळीसमक्ष ती तोंडात धरली, फुंक मारली आणि जीभ टेकवली. शी! काय ती चव! डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. समोरचे चौघं आ वासून बघत होते. भाऊजी माझ्यापुढं उकिडवे बसले, कवळी विसरून तोंड उघडं, आणि लहान पोरासारखं विचारू लागले, "दम धरस का, वहिनी? धरस का?"

जीभ नळीवर होती, बोलणार कशी? मी नुसती मान हलवली, हो म्हणून.